विषय क्रमांक चार : माझा संकल्प

माझा एक साधा संकल्प थोडा लहान करून मिळावा, म्हणून आमच्या देवस्थानाला सर्वसाधारण सभा बोलवावी लागली. तिची नोटीस देवळाच्या काचेच्या फळ्यावर लागली, तिच्यावर गोल शिक्का पडला आणि लाटंबार्से गावातल्या प्रत्येक शहाण्या माणसानं ती चष्मा लावून वाचली. मी डिचोलीच्या एका सरकारी कचेरीत वीस वर्षं कारकुनी करतोय. हजारो नोटिसा माझ्या हाताखालून गेल्या. पण नोटिशीत स्वतःचं नाव वाचणं म्हणजे काय, ते मला या मार्चमध्ये कळलं.

दोष कुणाचा, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. डॉक्टरीणबाईंचा नाही, एवढं नक्की.

म्हापशाला त्यांच्याकडे आम्ही गेलो ते गौरवीसाठी. गौरवी माझी मुलगी, आठवीत आहे. वही पहिल्या सहा पानांपर्यंत मोत्यासारख्या अक्षरात, मग मांजराची चित्रं, मग काहीच नाही, असा तिचा प्रकार. मागच्या वर्षी देवळाच्या आरतीमंडळात घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य, शिकायला गेली. तीन आठवडे घर दणाणून सोडलं, आणि चौथ्या आठवड्यात सोडून दिलं. तेव्हा मंडळातलं कुणीतरी म्हणालं, "बापाचेर गेलां चेडूं," म्हणजे पोरगी बापावर गेली. घुमट सोडल्याचं मला वाईट वाटलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं नवीन काही धरणंच बंद केलं. शाळेत सहल असो, स्पर्धा असो, हिचं उत्तर एकच, "कित्याक? अर्दें उरतलेंच मगे." म्हणजे कशाला, अर्धंच राहणार ना. तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे वाक्य ऐकलं की जेवण जात नाही.

तर डॉक्टरीणबाई गौरवीला प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होतो. मधेच मला दिसलं की भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं लागलंय. मी उठून ते सरळ केलं. सरळ केल्यावर दिसलं की महिना मागचा आहे, म्हणून पान उलटलं. उलटताना खिळा निघाला. खिळा शोधायला मी टेबलाखाली गेलो आणि वर आलो तेव्हा बाई गौरवीकडे नव्हे, माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी दुसरा कागदांचा गठ्ठा काढला आणि तो मला भरायला दिला. मग तीन खेपा झाल्या, शंभर प्रश्न झाले, सोनालीची म्हणजे माझ्या बायकोची साक्ष झाली. ती साक्ष दीड तास चालली. शेवटी निकाल लागला की आम्हा दोघांनाही एडीएचडी आहे.

मला आनंद झाला की अपमान वाटला, हे मी आजही सांगू शकत नाही. त्रेचाळीस वर्षं ज्याला मी माझा नालायकपणा समजत होतो, त्याला एक नाव होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी अजून न सापडलेला तो खिळा शोधण्याच्या निमित्तानं पुसलं. परतताना थिवीला सोनालीनं माझ्याकडे वळून बघितलं. ती दोडामार्गची. मग म्हणाली, "म्हणजे तां सगळां तुमी मुद्दाम करी नाय होतास?" मी मान हलवली. अस्नोड्यापर्यंत ती बोटांवर जुने प्रसंग मोजत होती.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि एक गृहपाठही दिला. "नवीन वर्ष येतंय," त्या म्हणाल्या. "याद्या करू नका. वर्षभरासाठी एकच संकल्प, अगदी साधा. विश्वासाच्या एका माणसाला सांगून ठेवा, म्हणजे तो आठवण देईल. मोडला तर परत धरायचा, त्यात काही लाज नाही." गृहपाठ दोघांनाही होता. गौरवीनं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्यांना म्हणाली, "पयलीं पपाचो पळयतां. ताचो तिगलो जाल्यार हांव करतां."

म्हणजे माझा टिकला तर ती धरणार. नाहीतर धरणारच नाही. बाई हसल्या, मी पण हसलो, पण जरा उशिरा.

आता एक ओळ लिहायची तर कागद चांगला हवा, म्हणून मी डिचोलीच्या बाजारातून डायरी आणली. ती डायरी कुठं ठेवली ते आठवेना म्हणून दुसरी आणली. मग वाटलं, डायरी मिटली की संकल्प दिसत नाही, त्यापेक्षा पांढरा बोर्ड बरा. बोर्ड टांगायला ड्रिल लागलं. ड्रिल मारलं तिथं भिंतीत न्हाणीघराचा पाइप होता. एकतीस डिसेंबरला आमच्या दिवाणखान्यात घोट्याएवढं पाणी होतं, आणि बोर्डावर मी सत्तावीस संकल्प लिहिले होते, कारण एवढा मोठा बोर्ड आणून एकच ओळ लिहिणं मला उधळपट्टी वाटली. सोनालीनं ज्या फडक्यानं पाणी पुसलं त्याच फडक्यानं बोर्ड पुसला. "एक," ती म्हणाली.

तेव्हा मी विचारपूर्वक एक लिहिला. 'यंदा हातात घेतलेलं एक काम शेवटपर्यंत नेईन.' वर्षात एक. महिन्यात नव्हे. एवढा नम्र संकल्प कुणी कधी केला नसेल.

आता सांगायचं कुणाला? सोनालीला आधीच माझं फार लक्षात असतं. म्हणून मी शेजारचे गोकुळदास काका निवडले. ते निवृत्त हेडमास्तर आणि आमच्या देवस्थान समितीचे सेक्रेटरी. कुठल्या साली कोण कॉपी करताना सापडला, हे त्यांना बेंच क्रमांकासकट पाठ आहे. सकाळी फाटकाशी आम्ही दोघं पोदेराची, म्हणजे पाववाल्याची वाट बघत उभे होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कसलें काम?"

"कसलंही. पण एक."

"बरें," ते म्हणाले. तेवढ्यात पोदेराचा भोंगा वाजला, मी उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायला धावलो, आणि 'हे कुणाला सांगू नका' हे वाक्य सांगायचं राहून गेलं.

पुढच्या सोमवारी देवळात पालखी होती. पालखी टेकली की आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, हे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. शंभू गावकर देवापुढे उभा राहतो, ज्याचं जे मागणं किंवा वचन असेल ते खड्या आवाजात सांगतो, आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्यामागे 'होय म्हाराजा' म्हणतो. गाव एकदा होय म्हणाला की ते पक्कं झालं. मी त्या वेळी समईच्या साखळीच्या कड्या मोजत होतो. अठ्ठाविसाव्या कडीला माझं नाव ऐकू आलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान, गुरुदास गावसान, तुझ्या पायांकडेन उतर दिलां म्हाराजा!" उतर म्हणजे वचन.

"होय म्हाराजा!"

"ताचें मन एका जाग्यार थारना म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हे होय गरजेपेक्षा मोठं होतं, असं मला वाटलं.

"म्हूण ह्या वर्सा तो जें जें काम हातांत घेतलो, तें तें शेवटामेरेन व्हरतलो म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव म्हणाला. बाजूला सोनाली म्हणाली. आणि सवयीनं मी पण म्हणालो.

बाहेर आल्यावर मी शंभूला गाठलं. "अरे, एक काम म्हटलं होतं मी! तू तर सगळीच घातलीस!"

शंभूनं माझ्याकडे दयेनं बघितलं. "एकूच? देवाक इतलें उणें दितात? दाराक आयिल्लो मनीस लेगीत एक पाव घेना, दोन घेता. देवाक दिवपाचें जाल्यार पुराय दिवचें." दाराशी आलेला माणूससुद्धा दोन पाव घेतो, मग देवाला द्यायचं तर पुरतं द्यावं, असं त्याचं म्हणणं.

मी गोकुळदास काकांना विचारलं की यात नेमकं काय काय येतं. काका म्हणाले, "सगळें येता." भाजी चिरायला घेतली तर? "येता." वर्तमानपत्र वाचायला घेतलं तर? काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "छोट्या जाहिरातीय येतात." मी घरी आलो तेव्हा गौरवी सोप्यावर बसली होती. तिनं विचारलं, "म्हणजे आतां कितलीं कामां जालीं?" मी मेजावरचं वर्तमानपत्र उचलता उचलता थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मागच्या घरातली यशोदा मावशी आली आणि तिनं माझ्या हातात एक फाइल ठेवली. तिच्या काजूच्या बागायतीचा एक तुकडा सत्तरी तालुक्यात पडतो, त्यामुळं त्याचा कागद वाळपईला. पाच वर्षं तो कागद निघत नव्हता. "आतां तूंच काडटलो," ती म्हणाली. "देवान सांगलां."

"मावशे, देवानं काही सांगितलेलं नाही. शंभूनं सांगितलं."

"तेंच तें. फाइल हातांत घेतलीस मरे?" मी हाताकडे पाहिलं. फाइल हातात होती.

ही बातमी गावात फिरली. मावशीचा पुतण्या निलेश सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवतो. तो आठवड्याच्या सुट्टीला आला आणि जनेलाचं, म्हणजे खिडकीचं, एक दार माझ्या हातात देऊन गेला, बिजागरी बसवायची म्हणून. आरतीमंडळानं घुमटाची सैल झालेली कातडी दिली. एका गृहस्थांनी मुलीची पत्रिका दिली. कुणी वायर, कुणी मिक्सरचं भांडं. गोकुळदास काकांनीच चौदा वर्षं रखडलेल्या ग्रामइतिहासाची वही दिली, तीही 'जरा धर रे' असं म्हणून. मी धरली. त्यांनी चष्मा पुसला, आणि वही परत न घेता निघून गेले.

मी वाळपईला गेलो. खिडकीवर सांगितलं, आधी डिचोलीचा दाखला आणा. डिचोलीला दाखला मागितला, तर म्हणाले, वाळपईचं पत्र आणा. मी स्वतः कारकून असल्यामुळं मला यात काहीच वावगं वाटलं नाही, उलट जरा अभिमानच वाटला. तिसऱ्या खेपेला, दोन्हीकडच्या कारकुनांना गळ घालून मिळवलेले दोन्ही कागद घेऊन मी निघालो. वाळपईच्या बाजारात एक माणूस आंब्याची कलमं विकत होता. मानकुराद होता, मुसराद होता, आणि तो कलम कसं बांधतात ते फार सुंदर समजावून सांगत होता. पाऊण तास मी ऐकलं. मग चार कलमं घेऊन, काम झाल्याच्या समाधानानं, घरी आलो. यशोदा मावशीनं फाइल उघडली, तर आत कलमवाल्याच्या बहिणीच्या घराच्या वीजजोडणीचे कागद होते. आमचे कागद त्याच्याकडे राहिले होते. म्हणजे आता वीजजोडणीचं काम पण माझ्या हातात होतं, आणि चार खड्डे खणायचे होते ते वेगळेच. कामं एकमेकांत लग्न करून संसार थाटत होती, असं काहीसं मला वाटायला लागलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मोजलं. एकतीस कामं. पुरं झालेलं एकही नाही. तेव्हा मी एक युक्ती काढली. हातच लावायचा नाही. खिशात हात घालून चालायला लागलो. चहा आला की 'मेजावर ठेव' म्हणायचो. घरात सोनालीनं पोळपाट पुढं केला की मी मागं सरकायचो. "आता जेवूक तरी हात लावतलास काय?" तिनं विचारलं. जेवण पुरं करायचं असतंच, त्यामुळं ते चालत होतं. मी पानातला शेवटचा भातसुद्धा पुसून खाऊ लागलो आणि महिन्यात अडीच किलो वाढलो.

पण कचेरीत अडचण आली. लोक अर्ज घेऊन यायचे, मी म्हणायचो, "टेबलावर ठेवा." एक दिवस साहेबांनी मेमो काढला. 'आपण नागरिकांचे अर्ज हातात घेण्याचे टाळत असल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत खुलासा करावा.' शिपाई मेमो घेऊन आला. मी म्हटलं, "टेबलावर ठेव." त्यानं तसं लिहून नेलं, आणि दुपारी पहिला मेमो नाकारल्याबद्दल दुसरा मेमो आला. वीस वर्षांत माझ्यावर कधी मेमो नव्हता. विसरलो असेन, उशीर झाला असेल, पण उद्धट कुणी म्हटलं नव्हतं. खुलाशात मी काय लिहिणार? देवासमोर गावानं होय म्हटलंय, असं सरकारला कळवायचं कसं? चार मसुदे केले. चारही अर्धे राहिले.

मेमो मी घरी कुणाला दाखवला नाही. गौरवीला तो माझ्या बॅगेत सापडला. तिनं वाचला, नीट घडी करून परत ठेवला आणि म्हणाली, "जमना न्ही, पपा?" रागानं नाही, चिडवूनही नाही. हवामानाची बातमी सांगावी तसं सांगितलं. मग ती शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाची चिठ्ठी, कोण कशात भाग घेणार विचारणारी, कोरीच ठेवून दप्तरात घालायला गेली. त्या क्षणी मला माझ्या आयुष्यातल्या सगळ्या अर्ध्या गोष्टींपेक्षा ती कोरी चिठ्ठी जास्त लागली.

मी तडक शंभूकडे गेलो. म्हटलं, हे गाऱ्हाणं मागं घे. शंभूनं जीभ चावली. "फाटीं घेवपाक येना. पूण उणें करपाक येता. पंचांच्या साक्षीन घातलां, पंचांच्या साक्षीन उणें करचें." मागं घेता येत नाही, पण पंचांपुढं कमी करता येतं, म्हणजे सभा. सभा म्हणजे गोकुळदास काका. काकांनी तीन प्रतींत अर्ज मागितला. त्यात 'कारण' म्हणून एक रकाना होता. मी लिहिलं, 'प्रकृती.' काका म्हणाले, "सविस्तर." मी लिहिलं, 'मला एडीएचडी आहे, त्यामुळे एका वेळी एकच काम झेपते, तेही झेपेलच असे नाही.' काकांनी ते मोठ्यानं वाचलं, त्या वेळी व्हरांड्यात अकरा माणसं होती.

नोटिशीत माझा विषय चौथा होता. वर मागचं इतिवृत्त, ध्वनिक्षेपकाची दुरुस्ती आणि जत्रेतली पार्किंगची व्यवस्था, खाली नारळांची पावणी, म्हणजे लिलाव. मधे, 'श्री. गुरुदास गावस यांच्या संकल्पाची व्याप्ती कमी करणेबाबत.' तीन आठवडे मी फळ्यासमोरून मान खाली घालून गेलो. तरी सल्ले चुकले नाहीत. कुणी ब्राह्मीचं तेल सांगितलं, कुणी पहाटे अनवाणी चालायला. यशोदा मावशीनं विचारलं, "हाका पथ्य कितें? सुंगटां चलतात मरे?" कोळंबी चालते म्हटल्यावर तिला हा आजार फारसा गंभीर वाटेना. आणि प्रत्येक जण शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "म्हाकाय तशेंच जाता रे." मग तुम्ही का नाही केलात अर्ज, असं विचारावंसं वाटायचं.

सभा रविवारी दहाला होती, ती पावणेअकराला सुरू झाली. निघताना सोनाली म्हणाली, "विषय येयसर बसा. उठान जाव नकात." साधं सांगणं होतं. पण ज्याला बसता येतं त्याला बसणं म्हणजे काय ते कळायचं नाही. माझे पाय आतून वाजायला लागतात. डोक्यात दहा माणसं एकदम बोलायला लागतात आणि त्यातलं एक माझ्या आवाजात म्हणतं, उठ, जरा बाहेर जाऊन ये, लगेच येशील. मी कधीच लगेच आलेलो नाही. लग्नं, बारशी, नातेवाइकांचे सत्कार, सगळ्यांतून मी मधेच बाहेर गेलोय आणि भलत्याच ठिकाणी सापडलोय. माझ्या स्वतःच्या साखरपुड्यात मी अर्धा तास मांडववाल्याबरोबर दोरीची गाठ शिकत होतो.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचताना ध्वनिक्षेपकाचा उल्लेख आला. तो एका घराण्यानं आजोबांच्या स्मरणार्थ दिला होता, त्यावर आजोबांचं नाव पुसट झालं होतं, आणि ते आपोआप झालं की कुणी केलं, यावर पस्तीस मिनिटं गेली. मग विषय दोन आला, तो ध्वनिक्षेपकच होता, म्हणून तेच सगळं परत झालं. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले. माझ्यासमोरच्या माणसाच्या सदऱ्याला मागं एक दोरा लोंबत होता. तो ओढावा असं इतकं वाटत होतं की मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं ती कोरी चिठ्ठी आली. मी बसून राहिलो.

विषय तीन, पार्किंग. त्यात यशोदा मावशीचा काजू आला, काजूच्या फांद्या आल्या, फांद्यांवरून कुणाच्या तरी मोडलेल्या आरशाचं प्रकरण आलं. साडेबारा वाजले. अध्यक्ष म्हणाले, "बरें, आतां विषय चार." मी उभा राहिलो. आणि बाहेर मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा वाजला.

रविवार होता. कुणीतरी म्हणालं, "इसवण आसा कांय?" इसवण म्हणजे सुरमई. दुसरं कुणीतरी खिडकीतून बघून म्हणालं, "आसा." पुढच्या दोन मिनिटांत सभामंडप मोकळा झाला. अध्यक्ष 'आयलोंच' म्हणून गेले. दोरावाला गेला. दोरा तसाच होता. उरलो आम्ही तिघं. मी, गोकुळदास काका, आणि देवळाच्या किल्ल्या असल्यामुळं जाता न येणारा शंभू.

काकांनी डोकी मोजली. तीन म्हटल्यावर दोनदा मोजली. "कोरम ना," ते म्हणाले. "नेमाप्रमाण अर्द वर राकचें." नियमाप्रमाणं आम्ही अर्धा तास थांबलो. शंभू खांबाला टेकून पेंगला. काका रजिस्टरात रेघा मारत होते. मी माझ्या रिकाम्या सभेत बसून होतो. कुणी आलं नाही. काकांनी लिहिलं, 'गणसंख्येअभावी विषय क्र. ४ पुढील वार्षिक सभेत घेण्यात यावा.' पुढची वार्षिक सभा पुढच्या मार्चमध्ये. संकल्प यंदाच्या डिसेंबरपर्यंतचा. म्हणजे तो संपल्यावर लहान होणार. हे मी काकांच्या नजरेला आणून दिलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "हय मरे." पण लिहिलेलं खोडलं नाही.

मी बाहेर आलो तर देवळाच्या पायरीवर गौरवी बसली होती. उन्हानं तोंड लाल झालं होतं.

"तू केव्हा आलीस?"

"अकरांक. आईन सांगिल्लें, पपा भायर येतलो, ताका धरून घरा हाड. हांव राकत रावलें. तूं येवूंकच ना." म्हणजे मी मधेच बाहेर पडलो की मला धरून घरी न्यायला सोनालीनं तिला पाठवलं होतं, आणि मी बाहेर आलोच नव्हतो. ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. "तूं सगळो वेळ भितर आशिल्लो?"

"होतो. पण काही उपयोग झाला नाही गं. विषयच निघाला नाही. सभा अर्धीच राहिली."

"सभा उरली मरे अर्दी," ती म्हणाली. "तूं अर्दो उरूंक ना."

हे मोजायचं की नाही, मला ठरवता येईना. सभेत बसणं हे हातात घेतलेलं काम होतं का, हे काकांना विचारायला हवं होतं. बागायतीची फाइल, जनेलाचं दार, घुमटाची कातडी, सगळं घरी तसंच पडलं होतं. मेमोचा खुलासा राहिला होता. मी हे सगळं तिला सांगायला तोंड उघडलं, पण ती ऐकत नव्हती. तिनं इकडं तिकडं बघितलं, माझी मान खाली ओढली आणि माझ्या कानात एक वाक्य सांगितलं. तिचा संकल्प. अगदी लहान. वर्षाचे नऊ महिने उरलेत, त्यात मावेल एवढा.

"कोणाक सांगूं नाका," ती म्हणाली. "तूं याद दवर."

लोकांनी मला काय काय धरायला दिलं होतं, पण लक्षात ठेवायला कुणी काही दिलं नव्हतं. मी मान हलवली. ती पायऱ्या उतरून पुढं पळाली.

मागून गोकुळदास काका आले, बगलेत रजिस्टर. त्यांनी सगळं पाहिलं असणार. खिशातून पेन काढून टोपण उघडत म्हणाले, "कितें सांगलें रे चेडवान?"

"आठवना, काका."

काकांनी लगेच मान डोलावली, टोपण लावलं, आणि माझ्या पाठीवर थोपटून मासे बघायला गेले. हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा बोललो असेन, पण खोटं ते त्या दिवशीच, पहिल्यांदा बोललो.